घाटात डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापू नये म्हणून

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ‘पिकअप’ म्हटले की मागे ताडपत्री आवळलेली, मॅन्युअल गिअरची मालवाहू गाडीच डोळ्यांपुढे येते. अलीकडे मात्र इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स अशा, डिझेल इंजिनाच्या आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिक पिकअपही अधूनमधून बागायतदारांच्या दारात उभ्या दिसतात. अशी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्याने बहुधा पंधरा-वीस वर्षे क्लच दाबलेला असतो. घाट त्याला नवा नसतो, पण डावा पाय मोकळा झाल्यावर गाडीच्या पोटात काय चालते याची कल्पना त्याला नसते. मलाही नव्हती. एप्रिलमधल्या एका दुपारी ठिबकच्या नळ्यांनी भरलेला हौदा घेऊन मी वाई-पाचगणी रस्त्यावरचा पसरणी घाट चढत होतो. पुढे एसटी होती, एसी चालू होता, आणि वरच्या अंगाच्या एका वळणावर गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र तेव्हाही मध्यावर शांत उभा होता. त्या दिवशी गाडी घरी आली, पण नंतर गिअरबॉक्सचे तेल काढले तेव्हा ते काळपट निघाले आणि त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास होता. त्यानंतर जे शिकलो ते नव्याने ऑटोमॅटिक पिकअप घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

उष्णता येते कुठून

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते, तर ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा तेलाने भरलेला बंद डबा आहे. त्यातला इंजिनाला जोडलेला पंखा तेल भिरकावतो आणि समोरचा दुसरा पंखा त्या तेलाच्या जोरावर फिरून ताकद गिअरबॉक्सकडे पाठवतो. या दोन पंख्यांच्या फिरण्यात जितका फरक, तितकी घसर, आणि घसरीत गेलेली सगळी ताकद त्याच तेलात उष्णता होऊन मुरते. ज्याने कधी भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवर धरून ठेवली आहे आणि नंतर क्लच जळाल्याचा वास घेतला आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. कन्व्हर्टर कमी वेगात एक प्रकारे सतत हाफ क्लचवरच असतो, फक्त त्याचा वास केबिनपर्यंत येत नाही.

वेग पुरेसा वाढून स्थिरावला की कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच लागतो, दोन्ही पंखे एकमेकांना बांधले जातात, आणि मग घसर व तिच्यासोबतची उष्णता जवळजवळ थांबते. पुढच्या बहुतेक सूचनांमागे हाच एक हिशोब आहे: लॉक-अप लागलेल्या अवस्थेत गाडी जास्तीत जास्त चालवावी, आणि भार असताना घसरीत जाणारा वेळ कमीत कमी ठेवावा.

उष्णतेचे प्रमाण किती असते, याचा अंदाज पसरणी घाटावरूनच काढता येतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, आणि मधला रस्ता साधारण १२ किलोमीटरांचा आहे. माल आणि माणसे धरून तीन टन वजनाची गाडी ६०० मीटर वर उचलायला विजेच्या भाषेत जवळजवळ ५ युनिट ऊर्जा लागते. ताशी २० किलोमीटरने चढल्यास ३६ मिनिटे लागतात, म्हणजे नुसते वजन उचलण्यासाठी चाकांना सरासरी ८ किलोवॉट ताकद पुरवावी लागते. त्याच्या आठव्या भागाइतकी ताकद जरी घसरीत गेली, तरी ती १ किलोवॉट होते. पाणी तापवायचा रॉड नऊ-दहा लिटर तेलात अर्धा तास बुडवून ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. एसटीच्या मागे रांगताना आणि हेअरपिन वळणावर थांबून पुन्हा गाडी उचलताना तर घसर याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

डिझेल इंजिनामुळे या गणितात आणखी भर पडते, कारण घसरीची उष्णता टॉर्कच्याही, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्याही, प्रमाणात वाढते आणि डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क देते. हायलक्सच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि व्ही-क्रॉसच्या इंजिनाला ३६० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. त्यात आपली जुनी सवय अशी की डिझेल गाडी कमी रेझवर, दमाने ओढायची. मॅन्युअलमध्ये ही सवय डिझेल वाचवते, पण ऑटोमॅटिकमध्ये मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर कुंथत चढणारी गाडी बहुतेक वेळ लॉक-अपशिवाय चालते आणि तेल तापवत राहते.

तेल किती तापले म्हणजे जास्त

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर सुखाने काम करते. जुन्या खनिज तेलांवरून बांधलेला एक ठोकताळा या धंद्यात सर्वत्र सांगितला जातो: ८० अंशांच्या वर प्रत्येक ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. ८० अंशांवर राहिलेले तेल १,६०,००० किलोमीटर टिकेल असे धरले, तर १०२ अंशांवर ते ४०,००० आणि १२४ अंशांवर अवघे १०,००० किलोमीटर टिकते. आजची सिंथेटिक तेले याहून बरीच सोशिक आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण कल तोच राहतो. ११५ अंशांच्या आसपास तेलातून चिकट थर सुटून व्हॉल्व्हमध्ये बसू लागतो, १३० अंशांकडे जाताना रबरी सील कडक होऊ लागतात, आणि १४५ अंशांच्या पुढे गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत असलेल्या क्लचप्लेट घसरून जळू लागतात.

इंजिनाचा काटा यातले काहीच का दाखवत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. तो काटा फक्त कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान दाखवतो, आणि तेही अशा रीतीने की थोड्या चढ-उतारांनी काटा हलू नये. एटीएफ कूलंटच्या शेजारून नळ्यांतून फिरून थंड होते खरे, परंतु कन्व्हर्टरमध्ये उष्णता ज्या वेगाने तयार होते त्या वेगाने ती कूलंटला देता आली नाही, तर कूलंट ९० अंशांवर असताना तेल १२० अंशांवर असू शकते.

पहिली पायरी: आपली गाडी ओळखणे

घाटात जाण्यापूर्वी घरी बसून गाडीचे मॅन्युअल उघडावे आणि चार गोष्टी शोधाव्यात. गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा कोणता आणि तो लागल्यावर कंपनी काय करायला सांगते, हे पहिले. गिअरबॉक्सच्या तेलाला डिपस्टिक आहे की नाही, हे दुसरे. बहुतेक नव्या गाड्यांत ती नसते. कोणत्या प्रतीचे एटीएफ लागते, हे तिसरे. आणि ‘कठीण वापर’ या अर्थाचा जो वेगळा सर्व्हिस तक्ता असतो तो काय सांगतो, हे चौथे. भार घेऊन घाट, धूळ, शेतातले रस्ते आणि चाळीस अंशांचा उन्हाळा असा आपल्याकडचा वापर असल्याने बहुतेक पिकअप त्या दुसऱ्या तक्त्यातच बसतात, हे मालकाला सर्व्हिस सेंटरमध्ये स्वतःहून सांगावे लागते.

दिवा हा शेवटचा इशारा असतो. तो लागेपर्यंत तेल बरेच शिजलेले असते, म्हणून ज्यांना नेहमी घाट चढायचा आहे त्यांनी ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जोडणीत, लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र घ्यावे आणि मोबाइलवर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान पाहावे. हे तापमान प्रत्येक कंपनी आपल्या वेगळ्या सांकेतिक क्रमांकाने पाठवते, त्यामुळे ॲपमध्ये आपल्या मॉडेलचा क्रमांक भरावा लागतो. साध्या ॲपमध्ये दिसणारे तापमान बहुधा कूलंटचेच असते आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. एकदा खरा आकडा दिसू लागला की दोन-तीन फेऱ्यांतच कोणत्या वळणावर तो किती चढतो याचा अंदाज येतो, आणि पुढे यंत्राकडे पाहायचीही फारशी गरज पडत नाही.

दुसरी पायरी: गाडीचे नाक साफ करणे

पुढच्या जाळीमागे एसीचा कंडेन्सर, असल्यास गिअरबॉक्सचा हवेवर चालणारा कूलर आणि त्यामागे रेडिएटर अशी थरांची रचना असते. गळीत हंगामात उसाच्या फडांजवळून आणि ट्रॉल्यांच्या मागून महिनाभर फिरलेल्या गाडीच्या जाळीत पाचटाचे तुकडे, धूळ आणि किडे यांचा असा थर बसतो की बाहेरून तो दिसतच नाही. टॉर्च घेऊन दोन थरांच्या फटीत पाहावे. इंजिन गार असताना, साध्या नळाच्या पाण्याने, शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने धुवावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि साफ करण्याच्या नादात हवेची वाट कायमची बंद होते.

उन्हाळ्यात ही स्वच्छता अधिक महत्त्वाची ठरते. हवेवर चालणारा कूलर तेल आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर काम करतो. तेल ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर तो फरक ६५ अंशांचा असतो. मिरज किंवा जत भागात एप्रिल-मेमध्ये हवा ४१ अंशांवर गेली की तो ४९ वर येतो, म्हणजे काहीही न बिघडता कूलरची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झालेली असते.

तिसरी पायरी: वजन आणि टायर

आरसीवर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेपेक्षा जास्त माल भरू नये, यावर वेगळे लिहायची गरज नाही. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या ऑटोमॅटिक पिकअप दुहेरी केबिनच्या, घरच्या वापरासाठी नोंदवलेल्या असतात, त्यांची माल नेण्याची क्षमता दिसायला आडदांड हौद्याच्या मानाने बरीच कमी असते. द्राक्षाच्या क्रेट किंवा बेदाण्याच्या पेट्या ‘बसतात’ म्हणून भरणे आणि ‘पेलतात’ म्हणून भरणे यांत फरक आहे.

टायरबद्दलही थोडे लिहितो, कारण ही हौस आपल्याकडे वाढली आहे. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की प्रत्येक गिअर जणू लांब होतो, इंजिनाला चाक फिरवायला जास्त जोर लागतो आणि लॉक-अप उशिरा लागतो. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण त्या रुबाबाचा भार कन्व्हर्टरवर पडतो.

चौथी पायरी: चढ

लॉक-अप लागला आहे की नाही, हे सपाट रस्त्यावर आधी ओळखायला शिकावे. महामार्गावर स्थिर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. गाडीचा वेग तेवढाच असताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा लगेच दोन-तीनशे फेऱ्यांनी वर उडाला, तर कन्व्हर्टर घसरत आहे. काटा आणि वेग एकमेकांना बांधल्यासारखे हळूहळू बरोबर वाढले, तर लॉक-अप लागलेला आहे. दहा-बारा वेळा हे करून पाहिले की कानालाही तो फरक कळू लागतो.

घाटाचा पहिला चढ सुरू होण्यापूर्वीच गिअरची निवड स्वतःच्या हाती घ्यावी. लिव्हर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) ठेवून चढल्यास गाडी तिसरा-चौथा, पुन्हा तिसरा, पुन्हा चौथा अशी चाचपडत राहते, प्रत्येक बदलात लॉक-अप सुटतो, आतल्या क्लचप्लेट घसरतात आणि तेलात उष्णतेची भर पडते. लिव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन असा गिअर धरावा की इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान राहील. यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या चढावर, भार असताना, हा गिअर बहुधा दुसरा किंवा तिसरा असतो. इंजिनाचा आवाज वाढलेला ऐकून जुन्या ड्रायव्हरचा जीव वरखाली होतो, पण या फेऱ्यांवर डिझेल इंजिन आपल्या ताकदीच्या मध्यात असते, पाण्याचा पंप जास्त कूलंट फिरवतो आणि गिअरबॉक्सचा तेलपंपही कूलरमधून जास्त तेल ढकलतो. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये, तेल तापलेले असल्यास, अशा धरून ठेवलेल्या गिअरमध्ये लॉक-अपही लागतो.

पुढे एसटी किंवा भरलेला ट्रक ताशी आठ-दहा किलोमीटरने चढत असेल, तर त्याच्या मागच्या बंपरला चिकटून चालणे हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. सतत थोडा ॲक्सिलरेटर, सतत थोडी घसर, वारा जवळजवळ नाही, आणि वरून पुढच्या गाडीची गरम हवा आपल्या रेडिएटरवर. रस्त्याच्या कडेला सुरक्षित, रुंद जागा दिसली की बाजूला थांबून त्या गाडीला तीन-चार वळणे पुढे जाऊ द्यावे आणि मग एका दमात ताशी पंचवीस-तीसने चढावे. घाटात एका जागी थांबण्यात कमीपणा वाटणारे लोक मी पाहिले आहेत. मीही त्यांच्यातच होतो.

चढावर गाडी उभी करावी लागली तर ती ब्रेकने धरावी. ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची जी कसरत आपण हाफ क्लचवर करत आलो, ती ऑटोमॅटिकमध्ये पूर्ण वर्ज्य समजावी. त्या क्षणी कन्व्हर्टरमधला गिअरबॉक्सकडचा पंखा उभा असतो आणि इंजिन पाठवत असलेली सगळीच्या सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. हिल असिस्ट असलेल्या गाड्या ब्रेकवरून पाय काढल्यावरही क्षणभर मागे सरकत नाहीत, तेवढा वेळ निघण्यास पुरतो.

भर उन्हात मोठ्या चढावर एसी बंद करण्याचा सल्ला कुटुंबाला आवडत नाही, तरी तो खरा आहे. कंडेन्सर सर्वांत पुढे असल्याने त्याची उष्णता मागच्या प्रत्येक थराकडे जाते. शेवटचे पाच-सात किलोमीटर खिडक्या उघडून काढावेत. पाचगणीच्या जवळ पोहोचेपर्यंत हवाही सुखद झालेली असते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन चिपळूणहून कुंभार्ली घाटाने परतणाऱ्यांना हे सुख पायथ्याशी मिळत नाही, कारण तिथे चढ सुरू होतो तोच दमट उकाड्यात. तो घाट शक्य तर पहाटे चढावा.

पाचवी पायरी: रांग, बाजार आणि उसाच्या ट्रॉल्या

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या जुन्या घाटात सुट्ट्यांच्या दिवशी लागणारी रांग सर्वांच्या परिचयाची आहे. चढावर दहा फूट पुढे, दोन मिनिटे उभे, पुन्हा दहा फूट पुढे, असा तास गेला की गिअरबॉक्सला जणू तासभर हाफ क्लचवर चालवल्यासारखे होते. रांग हलत नाही असे दिसले की ‘एन’मध्ये (न्यूट्रल) घेऊन हँडब्रेक ओढावा. सिग्नलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या थांब्यासाठी मात्र ‘डी’-‘एन’-‘डी’ अशी घाई करू नये, कारण त्या प्रत्येक बदलात आतला क्लच नव्याने लागतो. पुढच्या गाडीने थोडी जागा सोडली की लगेच ती भरायला न जाता दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. मधे कोणी घुसेल, ही भीती खरी आहे, घुसू द्यावे. कासच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतच्या शनिवार-रविवारी, यवतेश्वरच्या रस्त्यावरही हेच लागू होते.

उसाच्या ट्रॉल्यांमागे सपाटीवर चालण्यात तेवढा धोका नाही, पण दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे ताशी पंधराने तासभर जाताना मॅन्युअल बाजूला दुसरा गिअर धरलेला बरा.

सहावी पायरी: शेतातला चिखल

काळ्या मातीत चाक रुतले की आपला हात आपोआप ‘डी’-‘आर’-‘डी’-‘आर’ असा फिरतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर राहतो. द्राक्षाच्या फळछाटणीच्या दिवसांत परतीचा पाऊस झाला की हे दृश्य हमखास दिसते. चाके फिरत असताना उलट गिअर टाकला की ती फिरती चाके थांबवण्याचे काम आतल्या क्लचप्लेटना करावे लागते, आणि तेही उभ्या गाडीत, जिथे कूलरला वारा मुळीच मिळत नाही. पाच मिनिटांच्या अशा झुंजीत तेल घाटापेक्षा लवकर तापते. चाक दोनदा नुसते फिरले की थांबावे, चाकापुढची माती उकरावी, खाली पाचट किंवा पोती टाकावीत, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल तर ‘फोर-एल’मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, घेऊन हळू निघावे. ‘फोर-एल’मध्ये इंजिनाला तेवढ्याच कामासाठी कमी टॉर्क लावावा लागतो, त्यामुळे कन्व्हर्टरची घसर बरीच कमी होते. भरलेला हौदा घेऊन बांधावरच्या उभ्या चढाला मागे रिव्हर्स करायचा असेल तेव्हाही हाच उपाय. फक्त डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ‘टू-एच’वर, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांच्या जोरावर, परत यावे, कारण अशा गाड्यांत पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो आणि कोरड्या, पकड असलेल्या रस्त्यावर वळताना सारी यंत्रणा पिळवटते.

उतार

उताराला खालचा गिअर धरून इंजिन ब्रेकिंग करावे, हे घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते ऑटोमॅटिकमध्येही तसेच चालते आणि त्याने गिअरबॉक्स फारसा तापत नाही. ‘एन’मध्ये टाकून गाडी सोडणे मात्र ब्रेकसाठीही घातक आहे आणि गिअरबॉक्ससाठीही.

दिवा लागलाच तर

घाबरून तिथेच इंजिन बंद करू नये. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद झाले की तेल कूलरमधून फिरणे थांबते आणि तापलेल्या जागेचे तेल तिथेच शिजत राहते. वळण टाळून सुरक्षित जागी थांबावे, हँडब्रेक ओढावा, लिव्हर ‘पी’मध्ये (पार्क) घ्यावा, एसी बंद करावा, आणि मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तर इंजिन पाच-दहा मिनिटे आयडलवर चालू ठेवावे. शक्य असेल तर गाडीचे नाक वाऱ्याच्या दिशेला असावे. दिवा विझल्यावरही आणखी काही मिनिटे थांबून मग निघावे. कूलंटचा काटाही लाल पट्ट्यात गेला असेल, किंवा खाली तेल अथवा पाणी ठिबकत असेल, तर मात्र इंजिन बंदच करावे.

मदतीला आलेले लोक बादलीभर पाणी गिअरबॉक्सवर किंवा रेडिएटरवर ओतायला निघतात. त्यांना हात जोडून थांबवावे; तापलेल्या ॲल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडले की त्याला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना कोणालाही उघडू देऊ नये.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, ‘डी’ लावल्यावर झटका बसून उशिरा निघाली किंवा रेझ वाढूनही वेग वाढेना, तर ती स्वतःला वाचवण्याच्या अवस्थेत गेली आहे किंवा आत नुकसान सुरू झाले आहे. त्या अवस्थेत घाट पूर्ण करण्याचा हट्ट करू नये.

तेल पाहणे आणि बदलणे

नवे एटीएफ बहुतेक वेळा लाल, पारदर्शक असते. ते गडद तपकिरी होऊन करपट वास येऊ लागला की बदलण्याची वेळ टळून गेलेली असते. तेल गुलाबी, दुधट, थेट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे दिसले, तर रेडिएटरच्या आत कूलंट आणि एटीएफ यांच्यामधली भिंत फुटली आहे, आणि ती गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही ठिकाणी ऐकायला मिळते. ते कोणाच्या आयुष्याबद्दल बोलत आहेत हे विचारून घ्यावे. भार आणि घाट असा वापर असेल तर मी साठ हजार किलोमीटरला तेल बदलतो. आपल्या मॅन्युअलमधला कठीण वापराचा आकडा याहून कमी असेल तर तोच पाळावा. बदलताना लक्षात ठेवावे की खालचा बोल्ट उघडल्यावर नऊ-दहा लिटरांपैकी साधारण साडेतीनच लिटर तेल बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. दहा लिटरांचा हिशोब धरला तर एकदा बदलल्यावर ३५ टक्के, मधे काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलल्यावर सुमारे ५८ टक्के आणि तिसऱ्यांदा बदलल्यावर सुमारे ७३ टक्के तेल नवे होते. एकदाच बदलून सगळे नवे झाले असे समजू नये.

डिपस्टिक नसलेल्या गाडीत तेलाची पातळी मोजण्याची पद्धत वेगळी असते. गाडी लिफ्टवर समतल ठेवून, इंजिन चालू असताना, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडला जातो. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हे तापमान ४० अंशांच्या आसपास असते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि जास्त असेल तर फिरत्या भागांत घुसळून त्याला फेस येतो. दोन्ही वेळी गिअरबॉक्स तापतो. म्हणून जो फिटर तापमान न पाहता अंदाजाने तेल ओततो, त्याचा हात कितीही सराईत असला तरी हे काम त्याला देऊ नये. तेलाची प्रतही मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच असावी. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालते’ अशा डब्याचा मोह टाळावा.

जादा कूलर लावावा का

आठवड्यातून दोन-तीनदा भरलेल्या गाडीने घाट चढणाऱ्याला वेगळा, हवेवर चालणारा एटीएफ कूलर उपयोगी पडतो. तो मूळ कूलरच्या ऐवजी न लावता त्याच्या पुढच्या टप्प्यात, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या नळीवर लावावा, म्हणजे हिवाळ्यातही कूलंटच्या मदतीने तेल आधी लवकर गरम होते आणि नंतर जास्तीची उष्णता हवेत जाते. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्यापूर्वी कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. महिन्यातून एकदा पाचगणीला जाणाऱ्याने या खर्चात पडू नये. त्याचे काम गिअर धरण्याने आणि जाळी धुण्याने भागते.

पूर आणि टोइंग

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीत अनेक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. गिअरबॉक्सला हवेसाठी एक छोटी ब्रीदर नळी असते. गरम गिअरबॉक्स एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. पाणी आतल्या क्लचप्लेटचे अस्तर सोडवते, त्यामुळे अशी गाडी पूर ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून सुरू करू नये. आधी तेल काढून पाहावे.

बंद पडलेली ऑटोमॅटिक पिकअप मागची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणे, हा गिअरबॉक्स जाळण्याचा हमखास मार्ग आहे. चाके आतले भाग फिरवत राहतात आणि इंजिन बंद असल्याने त्यांना तेल मिळत नाही. घाटात हाक मारल्यावर सर्वांत आधी येते ती पुढची दोन चाके उचलणारी क्रेन, आणि तिचा माणूस काही होत नाही म्हणून सांगतो. त्याला चहा द्यावा, परत पाठवावे आणि चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड येईपर्यंत थांबावे. विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करतानाच ‘ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर, फ्लॅटबेडच हवी’ एवढे स्पष्ट सांगितले की बराच वेळ वाचतो.